मध्येच सुटलेल्यांचा हिशेब

समजा, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरवरच्या उपचारांसाठी आलेलं एक कुटुंब बोनकोडेत खोली घेऊन राहिलं. वर्षभराने खोली सोडून सगळे गावी परतले, मोबाइल नंबरही बदलला. आता तो रुग्ण जगलेल्यांत धरायचा की गेलेल्यांत?

कशातच नाही! पण तो वर्षभर जिवंत होता, हे तर पक्कं ठाऊक आहे. ती माहिती वाया का घालवायची?

दहा रुग्ण घेऊन बघा. पहिल्या वर्षात दोघे गेले, आठ उरले : ८० टक्के. वर्ष संपताना त्यांतल्या तिघांचा पत्ता लागेनासा झाला. राहिले पाच. दुसऱ्या वर्षात त्यांतला एक गेला. पाचांतले चार, म्हणजे पुन्हा ८० टक्के. आता ८० टक्क्यांचे ८० टक्के काढा. ६४! सुटलेल्या तिघांना मृत धरलं असतं, तर आकडा ४०वर आला असता. त्यांची नावंच खोडली असती, तर ५७वर. इथे मात्र जो जितका काळ दिसला, तितका काळ तो मोजला गेला. बस, एवढीच युक्ती, आणि जगभर कॅन्सर रुग्णांचं आयुर्मान आजही तिच्यावर मोजलं जातं.

ही पद्धत १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी मांडली. मायर वैद्यकीय आकडेवारीत गुंतलेले. आणि कॅप्लन? समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतील, हे शोधत होते! दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं एकत्र करून एकच निबंध झाला. ट्यूब असो की माणूस, गणित तेच.

मात्र या गणिताने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : सुटलेले लोक उरलेल्यांसारखेच आहेत. तब्येत ढासळली म्हणूनच त्यांनी येणं थांबवलं असेल, तर? मग आकडा खोटा दिलासा देतो. म्हणून मला बार्शीचं फार कौतुक वाटतं. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव जाऊन रुग्णांची माहिती काढत. अशा फेरीत आपले ते तिघे सापडले आणि दुसरं वर्षही पार केलेले निघाले, तर ६४चे ७० होतात. तिघेही त्या वर्षात दगावलेले निघाले, तर ४०.