भित्तिपत्रक आधी का पिवळे पडते?

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. अशा एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात दोन कागद शेजारी सापडले, असे समजा. एक १८३०च्या सुमाराचे शिळाछाप चित्र, दुसरे पहिल्या महायुद्धातले भित्तिपत्रक. १९१७ साली सरकारने भारतात युद्धकर्ज उभारले, त्या वेळी अशी पत्रके देशी भाषांतही निघाली. वयाने लहान असूनही भित्तिपत्रकच बहुधा आधी पिवळे पडते, घडीवर तुटते. असे का?

दोष शाईचा नाही, कागदाचा आहे. जुना कागद चिंध्यांचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा रूढ झाला. स्वस्त लगद्यात लिग्निन राहते. उजेड आणि हवा लागून ते पिवळे होते. शिवाय शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ व तुरटी देत. ओलाव्याने तुरटीतून आम्ल बनते आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. चार दिवस भिंतीवर टिकले की पत्रकाचे काम झाले. त्याला भारी कागद कोण वापरणार?

कोकणच्या दमट हवेत हे वेगाने घडते. म्हणून तर पावसाळ्यानंतर आपण पुस्तकांना ऊन दाखवतो. ओल जाते खरी, पण लिग्निनला तेच ऊन बाधते. जुनी चित्रे, शाळेतले कागदी नकाशेसुद्धा, सावलीत वाऱ्यावर सुकवावेत. फाटले तरी चिकटपट्टी लावू नये.

विद्यार्थ्यांना हे सहज दाखवता येईल. वर्तमानपत्राचा तुकडा अर्धा काळ्या कागदाने झाका, उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि आठवड्याने काळा कागद काढा.