तीस थरांची गोधडी आणि चंद्रापर्यंतचा धागा

घरातली एखादी जुनी सुती चादर घ्या. मधोमध दुमडा. पुन्हा दुमडा. असं पाच वेळा केलंत की झाले ३२ थर! आता त्यात सुई खुपसून बघा. माझी अर्ध्यावरच अडकली. मग दाभण घेतलं, तळहातानं रेटलं, तेव्हा कुठे टोक पलीकडे डोकावलं. हातावर वळ उठला तो वेगळाच. आता दाभणाच्या जागी बाण आहे आणि चादरीच्या आत तुम्ही आहात, असं समजा.

पंधराव्या शतकात फ्रान्सचा राजा अकरावा लुई यानं आपल्या तिरंदाजांसाठी हेच फर्मावलं होतं. लोखंड नको, कापडाचा अंगरखा शिवा. त्याला म्हणायचे जॅक. थर २५ ते ३०, वर हरणाचं एक कातडं. आणि कापड कसं हवं? वापरून मऊ झालेलं! गोधडीला कोरं कापड चालत नाही, हे आपल्या आज्यांना कुणी फर्मान काढून सांगावं लागलं नव्हतं. असा जॅक घातलेली सहा माणसंसुद्धा भोसकून किंवा बाणानं मेलेली पाहिली नाहीत, असा त्या फर्मानातला दावा. राजाची जाहिरात म्हणून थोडं सोडून देऊ. पण ११९१ साली सुलतान सलाहुद्दीनच्या चरित्रकारानंही अचंब्यानं लिहून ठेवलंय, की जाड नमदा आणि कड्यांचं चिलखत घातलेले क्रूसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, पाठीत दहापर्यंत बाण रुतलेले असताना खुशाल चालत होते!

आता बसा हिशेबाला. छातीचा घेर मीटरभर, लांबी पाऊण मीटर, शिवाय दोन बाह्या. एका थराला साधारण १.३ चौरस मीटर कापड. गुणिले ३०, म्हणजे ३९ चौरस मीटर. काटछाट धरली तर पाच नऊवारी लुगडी, एकाच माणसाच्या अंगावर! वजन आठेक किलो, रिकाम्या गॅस सिलिंडरच्या निम्मं. शिलाईच्या ओळी अडीच सेंटीमीटरवर आणि टाका अर्ध्या सेंटीमीटरचा धरला, तर झाले दहा हजार टाके. प्रत्येक टाका तीस थरांतून. म्हणजे सुईनं कापड भोसकलं तीन लाख वेळा. शत्रूची पाळी त्यानंतर.

पण खरी गंमत कापडाच्या आत आहे. कापड लिननचं, म्हणजे ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या काडीतून काढलेल्या धाग्याचं. सेंटीमीटरला उभे १५ धागे आणि आडवे १५ धरू. एका चौरस मीटरमध्ये तीन किलोमीटर धागा बसला! पाच लुगड्यांत १३५ किलोमीटर! सीएसएमटीवरून धाग्याचं टोक धरून निघा. कल्याण गेलं, कर्जत गेलं, घाट चढला, १२८ किलोमीटरवर लोणावळाही मागे पडलं, आणि अजून रिळात धागा आहे. तो कातला कुणी? हातातल्या चातीवर बायांनी. तासाला ५० मीटर, रोज आठ तास, तर ३३७ दिवस. ४०० रुपये रोज धरला, तर नुसती कताई सव्वा लाखाच्या वर, आणि विणकर अजून मागावर बसलेलाही नाही!

हे झालं एकाचं. लुईच्या या तिरंदाजांची संख्या होती सुमारे १६,०००. सगळ्यांना जॅक चढवायचा म्हटलं तर लुगडी लागतील ८०,०००. टोकाला टोक जोडून अंथरा. पायघडी मुंबईहून सुटते, मनमाड, जळगाव, अकोला ओलांडते आणि बडनेऱ्याच्या तोंडाशी, ऐन कापसाच्या मुलखात, थांबते. १६,००० हरणं जंगलातून गायब, त्यांना कुणी विचारलंच नाही. कताईची मजुरी २१६ कोटी रुपये. आणि हे सगळं एकाच बाईला कातायला बसवलं, तर? सुट्टी न घेता सुमारे १४,८०० वर्षं! आज काम संपवायचं असेल, तर तिनं हिमयुगातच चाती हाती धरायला हवी होती.

आणि धागा? २१ लाख ६० हजार किलोमीटर. डेक्कन क्वीन ताशी ६० च्या चालीनं त्यावरून न थांबता धावली, तरी चार वर्षं लागतील. पृथ्वीला गुंडाळा, ५३ वेढे बसतील. नाही तर सरळ चंद्रावर न्या. गेला. परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा गेला, आणि परतीची अर्ध्याहून जास्त वाट कापल्यावर कुठे रीळ रिकामं झालं!

अरे हो, शिवायचा दोरा यात धरलेलाच नाही.