कंपवाताचा हात आणि दूरचा शिक्षक

मेलबर्नच्या आग्नेयेस क्लेटन नावाचे उपनगर आहे. तेथील मोनॅश विद्यापीठात १९६१ साली शिकवणे सुरू झाले. ज्यांच्यावरून विद्यापीठाला नाव मिळाले ते सर जॉन मोनॅश आपल्यासारखेच यहुदी; पेशाने इंजिनियर आणि १९१८ साली सबंध ऑस्ट्रेलियन कोअरचे सेनापती. याच भागात, क्लेटनजवळच्या चेल्टनहॅम येथील किंग्स्टन सेंटर या रुग्णालयात कंपवाताच्या रुग्णांच्या हालचालींवर पुष्कळ काम झाले आहे.

कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लोकांना दिसते ती थरथर. पण खरी अडचण बहुधा हालचाल संथ आणि लहान होण्याची असते. बटण लागत नाही, चमचा तोंडापर्यंत पोचत नाही, अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होते. आम्ही जन्मभर वह्या तपासल्या, म्हणून हे अक्षर आमच्या डोळ्यांना आधी दिसते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पेला सांडेल या भीतीने घरचा किद्दुश मुलाकडे दिला, पुढे सिनेगॉगला येणेही सोडले. यात लाजण्यासारखे काय आहे?

किंग्स्टन सेंटरचे प्रा. रॉबर्ट इयानसेक, मेग मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली चालण्याविषयी एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या आखल्या, किंवा रुग्णाने मोठ्या पावलाकडे नीट लक्ष दिले, की पाऊल पुन्हा लांब पडे. म्हणजे चालण्याची शक्ती गेलेली नसते. जे पूर्वी आपोआप होत असे ते आता मन लावून करावे लागते. हातालाही हेच लागू आहे. बालवर्गातील दुरेघी वही घ्या, दोन्ही रेघांना टेकेल असे अक्षर काढा. पुष्कळांचे अक्षर त्या वेळेपुरते तरी मोठे होते. मात्र एका वेळी एकच काम. लिहिताना गप्पा नकोत.

हे शिकवणारा थेरपिस्ट आता पडद्यावरूनही भेटतो. २०२० साली साथीमुळे मेलबर्नचे लोक महिनोन्महिने घरात अडकले होते. मार्चपासूनच ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअरने फोनवरील व व्हिडिओवरील तपासणीला मोठ्या प्रमाणात मान्यता दिली. त्यातून एक फायदा दिसला. रुग्ण स्वतःच्याच स्वयंपाकघरात, स्वतःचा पेला, स्वतःचा सदरा घेऊन सराव करतो. अंगठा व तर्जनी पूर्ण उघडून मिटणे, वाटाणे एकेक करून वाटीत टाकणे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणे, अर्धा भरलेला पेला सावकाश उचलून ठेवणे. मोबाईल समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे चेहऱ्याऐवजी हात दिसतात. (आमच्या पिढीला कपाळच दाखवण्याची सवय!)

उणीवही आहे. हात किती ताठर आहे हे पडद्यावरून दाबून पाहता येत नाही, आणि तोल जाणाऱ्याजवळ घरचे कोणी असावेच लागते. म्हणून पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष घ्यावी. इस्राएलमध्ये आपल्या कुपत होलीमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे 'रिपुय बे-इसूक'साठी चिठ्ठी मागावी, आणि व्हिडिओवर मिळेल का तेही विचारावे. शब्बाथला पडदा बंद, लिहिणेही नाही. पण सदऱ्याची बटणे आणि किद्दुशचा पेला हा त्या दिवसाचा सराव आहेच.

सराव गोळीचा असर चांगला असेल तेव्हा करावा. लेव्होडोपाची गोळी मटण-अंड्यांच्या जेवणाबरोबर घेतली तर काहींना असर उशिरा येतो, म्हणून तिची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. योम किप्पुरला ती आपल्या मनाने बंद करू नये. अचानक सोडणे धोक्याचे आहे. उपासाचे काय करायचे ते डॉक्टर आणि राब्बी या दोघांना सणाच्या आधीच विचारावे.