सगळ्यात भारी बर्फ कुणाचा?

एका सर्कशीने एकदा चक्क एका राज्याला कोर्टात खेचलं होतं. भांडण कशावरून? बर्फावरून!

अमेरिकेतली रिंगलिंग ब्रदर्स ही नावाजलेली सर्कस. ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’, म्हणजे पृथ्वीतलावरचा सगळ्यात भारी खेळ, ही तिची जुनी जाहिरात. तिकडे यूटा राज्याने आपल्या डोंगरांवरच्या बर्फाची टिमकी वाजवायला ओळ घेतली, ‘द ग्रेटेस्ट स्नो ऑन अर्थ’. नुसती घेतली नाही, तर लोकांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही छापली. सर्कसवाले भडकले. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि १९९९ साली तिथेही यूटाच जिंकलं. पण या ओळीमुळे सर्कशीचं नुकसान झाल्याचं सिद्ध होत नाही, एवढंच कोर्टाने सांगितलं. यूटाचा बर्फ खरंच जगात भारी आहे का, ते बघायला न्यायाधीश काही डोंगरावर गेले नाहीत. (मी न्यायाधीश असते तर पहिलं तेच केलं असतं.)

त्यामुळे तो वाद अजून मिटलेला नाही. पायांना लांब, चपट्या पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट घसरत जायचं, हे स्कीइंग. ते करणारी चार माणसं एकत्र आली की कुणी जपानच्या होक्काइदोचं नाव घेतं, कुणी यूटाचं, कुणी आल्प्सचं. आणि आपल्या गुलमर्गला जाऊन आलेला माणूस गालात हसतो.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ तो बर्फ, त्यात डावं-उजवं काय?

खूप आहे! फ्रीजमधला बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी. आकाशातून पडणारं हिम तसं नसतं. ढगातली वाफ पाणी न होता थेट गोठते आणि तिचे नाजूक स्फटिक तयार होतात. ताजं हिम हातात घेतलं तर त्यात बहुतेक हवाच असते. साधारण दहा सेंटिमीटर हिम वितळवलं की जेमतेम एक सेंटिमीटर पाणी मिळतं. ही हवा किती, यावर सगळा खेळ. एका डब्यात चकलीचे तुकडे भरा आणि तेवढ्याच दुसऱ्या डब्यात रवा भरा. चकलीच्या डब्यात फटी फार, म्हणून तो हलका. रव्याचा डबा गच्च आणि जड. ज्या हिमस्फटिकांना फांद्या फुटलेल्या असतात, ते एकमेकांत अडकून असेच मोकळे मोकळे बसतात. त्यांचा होतो भुसभुशीत बर्फ. त्यात स्की गुडघाभर बुडते आणि तरीही तरंगल्यासारखं वाटतं म्हणे.

मग फांद्या फुटतात कधी? हे शोधून काढणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. उकिचिरो नाकाया हे जपानी भौतिकशास्त्रज्ञ १९३० साली होक्काइदोच्या विद्यापीठात आले. तिथे हाताशी महागडी उपकरणं नव्हती, पण खिडकीबाहेर बर्फच बर्फ! मग त्यांनी तोच अभ्यासाला घेतला. आधी हजारो स्फटिकांचे फोटो काढले. मग म्हणाले, आता आपणच एक हिमस्फटिक घडवून बघू. कडाक्याच्या थंड खोलीत एक नळी, खाली कोमट पाणी, वर लटकवलेला धागा. वाफ वर येणार आणि धाग्यावर स्फटिक वाढणार, असा बेत. पण कापूस, रेशीम, लोकर, कशालाच यश येईना. धाग्यावर नुसतं दव गोठल्यासारखं पांढरं किटण चढायचं. शेवटी कामाला आला सशाचा केस! त्यावर मधे मधे बारीक गाठी असतात. स्फटिक सगळीकडे न चिकटता त्या गाठींवरच सुटा सुटा वाढू लागला. १९३६ सालच्या मार्च महिन्यात माणसाने घडवलेला पहिला हिमस्फटिक सशाच्या केसाच्या टोकाला तयार झाला.

मग नाकायांनी तापमान आणि वाफ कमी-जास्त करून पाहिली. उणे दोनच्या आसपास चपट्या चकत्या, उणे पाचच्या आसपास सुया आणि बारीक खांब, आणि उणे पंधराच्या आसपास, वाफ भरपूर असेल तर, सहा फांद्यांचे मोठे सुंदर तारे. त्याहून फार खाली गेलं की पुन्हा छोट्या चकत्या आणि खांब. म्हणजे स्कीवाल्यांना हवा तो बर्फ पाडायचा तर ढगात उणे पंधराच्या आगेमागे थंडी हवी आणि वाफेचा तुटवडा नको. नुसती थंडी असून भागत नाही.

म्हणूनच होक्काइदोचं नाव पहिलं येतं. हिवाळ्यात सायबेरियाकडून गोठवणारा कोरडा वारा सुटतो. वाटेत लागतो जपानचा समुद्र, आणि त्यात दक्षिणेकडून आलेला त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह. वारा या समुद्रावरून जाताना वाफ पिऊन घेतो आणि जपानच्या डोंगरांवर आदळून सगळी हिमाच्या रूपाने टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात वारे सह्याद्रीवर आदळतात, कोकण भिजतं आणि पलीकडचा देश कोरडा राहतो, तसाच हाही मोसमी वाऱ्यांचाच कारभार, फक्त हिवाळ्यातला. पश्चिम किनाऱ्यावर हिमाचे ढीग लागलेले असताना पलीकडे तोक्योत लख्ख ऊन पडलेलं असतं. सुमारे वीस लाख वस्तीच्या साप्पोरो शहरात एका हिवाळ्यात जवळजवळ पाच मीटर हिम पडतं. निसेकोची स्की केंद्रं तर वर्षाला सरासरी चौदा-पंधरा मीटर सांगतात. आणि तिथला डोंगर उंच म्हणावा तर जेमतेम १,३०८ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षाही बुटका!

पण नुसत्या ढिगावर जाऊ नका. १९९८-९९ च्या हंगामात अमेरिकेतल्या माउंट बेकरच्या स्की केंद्रावर सुमारे २९ मीटर हिम पडलं. एका हंगामातला हा जागतिक विक्रम. तरी तो डोंगर प्रशांत महासागराच्या जवळ, हवा तुलनेने उबदार, म्हणून तिथलं हिम बरेचदा ओलसर आणि जड असतं. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातल्या अशा जड हिमाला तिथले लोक वैतागून सिमेंट म्हणतात.

यूटाची गंमत वेगळीच. तिथे ग्रेट सॉल्ट लेक नावाचं मोठं खारं सरोवर आहे. त्या खाऱ्या पाण्यामुळेच आमचा बर्फ भारी, असं लोक हौसेने सांगतात. जिम स्टीनबर्ग नावाचे तिथलेच हवामानशास्त्रज्ञ म्हणतात, सरोवराचा वाटा अगदी थोडा. शिवाय यूटाचा बर्फ जगात सगळ्यात कोरडाही नाही. मग? तिथली बरीच वादळं सुरुवातीला थोडी उबदार असतात आणि नंतर गारठत जातात. त्यामुळे आधी जडसर हिमाचा थर बसतो आणि त्यावर हलकं, मऊ हिम. खाली आधार, वर गादी! याच्या उलटं झालं, म्हणजे मऊ हिमावर जड थर बसला, तर स्की मधेच रुतते आणि माणूस तोंडावर आपटतो.

आता आपलं गुलमर्ग. इथे हिम आणतात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकत येणारी वादळं. वाटेत त्यांना कॅस्पियन समुद्राची वाफ मिळते, कधी कधी अरबी समुद्राचीही. त्यामुळे गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या उतारावरचा एखादा हिमकण आपल्या अरबी समुद्राचाही असू शकतो! गुलमर्गची गंडोला, म्हणजे दोरीवर लटकत जाणारी पाळणागाडी, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडते. एवढ्या उंचीवर थंडी टिकून राहते. चिल्ले कलानचे, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस तर कडाक्याचेच. पण गुलमर्ग बरंच दक्षिणेला आहे, फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागतं आणि वादळं कधी कधी पाठच फिरवतात. २०२४ चा जानेवारी बराचसा कोरडा गेला आणि बर्फाच्या आशेने आलेले पर्यटक पिवळ्या गवतावर फोटो काढून परतले. भरवशाचं म्हणाल तर होक्काइदो पुढे, मला विचाराल तर. पण मोठं वादळ येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी अफरवटवर आभाळ निवळलं, तर त्या एका सकाळी मी गुलमर्गलाच मत देईन.

गुलमर्गच्या बर्फावर लहानपणापासून खेळलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेला. त्या वर्षी भारताचा तो एकटाच खेळाडू. तिथे त्याला मिळाला जवळपास सगळाच यंत्राने बनवलेला बर्फ! यंत्रं पाण्याचे बारीक थेंब थंड हवेत उडवतात, ते उडता उडता गोठतात आणि खाली पडतात नुसत्या बर्फाच्या गोळ्या. फांद्या नाहीत, फटी नाहीत. मघाचा रव्याचा डबाच. तुम्हाला वाटेल, अरेरे! पण शर्यतीवाल्यांना तोच आवडतो. मऊ हिमात पहिल्या चार-पाच खेळाडूंनीच चर पाडले, तर पन्नासाव्याने काय करायचं? म्हणून कधी कधी शर्यतीच्या उतारात मुद्दाम पाणी सोडून तो दगडासारखा टणक करतात. ज्या बर्फावर तुम्ही-मी धडपडून हाडं मोडून घेऊ, तो त्यांच्या दृष्टीने उत्तम बर्फ.

आणि थंडी जितकी जास्त तितका बर्फ भारी, असंही नाही. घसरताना स्कीखाली घर्षणाने ऊब तयार होते आणि पाण्याचा अतिशय पातळ थर बनतो, त्यावरून स्की सटकते, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. (नेमकं काय होतं यावर त्यांच्यातही वाद आहेत. बर्फ म्हटला की वाद आलाच.) फारच थंडी असली की हे घडत नाही. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या रॉबर्ट स्कॉटने १९१२ साली रोजनिशीत लिहून ठेवलंय की तिथे घसरगाडी ओढणं वाळवंटातल्या वाळूवरून ओढण्यासारखं होतं. तेव्हा स्कीइंगला अंटार्क्टिका बाद!

एक गोष्ट मात्र कुठल्याही डोंगरावर सारखीच. भुसभुशीत हिमाच्या नव्या थराखाली कधी कधी एकमेकांना न धरणाऱ्या सुट्या कणांचा जुना थर लपलेला असतो. वरून माणूस गेला की तो खचतो आणि अख्खा उतार खाली कोसळतो. होक्काइदोत, यूटात, गुलमर्गमध्ये अशा हिमलोटांनी माणसं दगावली आहेत. म्हणून पट्टीचे स्कीवालेही आखलेल्या वाटेबाहेर जाताना अंगावर शोधयंत्र आणि पाठीवर फावडं बाळगतात, आणि धोक्याची सूचना असेल तर जातच नाहीत.

तुम्ही कधी मनालीला किंवा गुलमर्गला गेलात आणि रात्रीत हिम पडलं, तर या वादात तुम्हालाही उडी घेता येईल. सरळ उभ्या भिंतींचा एक पेला घ्या. नुकतं पडलेलं हिम न दाबता त्यात अलगद भरा आणि पट्टीने उंची मोजा. मग पेला झाकून खोलीत ठेवा. वितळल्यावर पाणी मोजा. दहा सेंटिमीटर हिमाचं दहा मिलिमीटर पाणी झालं, तर बर्फ चारचौघांसारखा. बारा-तेरा झालं, तर सिमेंटच्या वाटेला लागलेला. यूटातल्या आल्टा नावाच्या स्की केंद्रावरची सरासरी साडेआठच्या आसपास आहे. तुमच्या पेल्यात सात मिलिमीटर निघालं, तर फोटो काढा आणि यूटावाल्यांना खुशाल पाठवून द्या.