सूक्ष्म छिद्रापलीकडचा रामन प्रकाश

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या साथीने जो परिणाम पाहिला, तो अतिशय क्षीण प्रकाशाचा आहे. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा राहतो. ढोबळमानाने कोटीत एखादा फोटॉन रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवघेव करतो आणि रंग बदलून बाहेर पडतो. ही देवघेव किती, ते अणूंमधील बंध ठरवतात. म्हणून हिरा वर्णपटात १३३२ प्रति सेंटिमीटरला टोकदार शिखर देतो, तर त्याच कार्बनचे ग्रॅफाइट १५८०च्या आसपास.

१९६० साली लेसर आला आणि या क्षीण प्रकाशाला जोरदार स्रोत मिळाला. १९७५च्या सुमारास फ्रान्समधील लील येथे देलाय आणि दामेलँकूर यांनी रामन वर्णपटमापकाला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली.

या जोडयंत्रातली कॉन्फोकल, म्हणजे फक्त नाभीतला प्रकाश टिपणारी, रचना मात्र मार्विन मिन्स्की यांची. तिच्या पेटंटसाठी त्यांनी १९५७ साली अर्ज केला होता. भिंग लेसर एका बिंदूवर एकवटते आणि तिथून परतणारा प्रकाश एका सूक्ष्म छिद्रातून जातो. नाभीच्या वरून किंवा खालून आलेले किरण छिद्रापाशी पसरतात आणि बहुतांशी अडतात. मुळातच दुर्मीळ असलेला प्रकाश आणखी गाळायचा, हे धाडस मला या यंत्रातले सर्वांत मोलाचे वाटते. त्यामुळेच ‘काय आहे’ याबरोबर ‘कुठे आहे’ हेही कळते. हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेसर आणि चांगले भिंग असेल, तर आडवे तपशील अर्ध्या मायक्रोमीटरच्या आत दिसतात. खोलीतली अचूकता त्याहून कमी, मायक्रोमीटरच्या घरातली.

यंत्र जुळवायला सिलिकॉनची चकती ठेवतात. तिचे शिखर ५२० प्रति सेंटिमीटरच्या जरा पुढे यायलाच हवे. मग नमुना ठेवलेला मंच बारीक पावलांनी सरकतो, प्रत्येक बिंदूचा वर्णपट नोंदला जातो आणि नकाशा तयार होतो. औषधाच्या गोळीत औषधद्रव्य कुठे साचले आहे, रंगलेपातला टायटॅनियम डायऑक्साइड अॅनाटेज आहे की रुटाइल, हे त्यात उघड दिसते. अॅनाटेजचे १४४चे शिखर चुकणे कठीण.

खरी डोकेदुखी प्रतिदीप्तीची. अनेक सेंद्रिय नमुने इतके उजळतात की रामन शिखरे त्यात बुडून जातात. ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरला तर हा त्रास घटतो, पण तरंगलांबी वाढली की रामन विखुरणही झपाट्याने मंदावते. काळ्या नमुन्यांवर लेसरचा जोर कमी ठेवावा लागतो, नाहीतर ते जळतात.

बहुपदरी प्लास्टिकच्या पापुद्र्यात खोलवर पाहतानाही जपावे लागते. हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना किरण वळतात, त्यामुळे प्रत्यक्ष नाभी मंचाच्या आकड्यापेक्षा खोल पडते आणि थर आहे त्याहून पातळ भासतो. तेलात बुडवायचे भिंग वापरले की ही चूक बरीच कमी होते. जाडी नेमकी हवी असेल, तर पापुद्र्याचा उभा काप घेऊन तो आडवा तपासणेच चांगले.