वाराचे इंच छत्तीसच का?

नऊवारी लुगड्याची लांबी इंचांत किती, असा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. वार म्हणजे यार्ड. एका वाराचे ३ फूट, फुटाचे १२ इंच, म्हणून वाराचे ३६ इंच; ९ × ३६ = ३२४. काही मुले गुणण्याऐवजी भागतात. त्यांना सूत्र पुन्हा ऐकवण्यापेक्षा एवढेच विचारावे, की लहान पट्टी जास्त वेळा ठेवावी लागते की मोठी?

पण हे ३६ कितपत अचूक आहे? काटेकोरपणे मोजले तर ३६.०००१ वगैरे निघेल का? कधीच निघणार नाही, आणि तेही वार स्वतः बदलत आला असताना! १८३४ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीला आग लागली, तीत वाराची प्रमाण पट्टी निकामी झाली. १८५५ साली काशाची नवी पट्टी कायदेशीर ठरली. तिच्यातील सोन्याच्या दोन खुंट्यांवर बारीक रेघा होत्या. तापमान ६२ अंश फॅरनहाइट असताना त्या रेघांमधील अंतर म्हणजे एक वार. (तापमानाची अट का, हे मुलांनाच सांगू द्यावे.) अमेरिकेने मात्र १८९३ पासून वार मीटरवरून ठरवला: ३६००/३९३७ मीटर. या दोन वारांत दहा लाखांत सुमारे चार भागांचा फरक पडे, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ४ मिलिमीटर. कापडवाल्याला त्याचे काय! पण सूक्ष्म यंत्रभाग बनवणाऱ्यांना तो जाचत असे. तरीही दोन्ही देशांत वाराचे इंच ३६च होते. कारण इंच हे काही वेगळे ठरवलेले माप नव्हते. वाराचा छत्तिसावा भाग तो इंच. वार बदलला की इंचही त्याच प्रमाणात बदले. ३६ ही मोजून काढलेली संख्या नव्हे, ती व्याख्येतच आहे.

१९५९ साली इंग्रजीभाषक देशांनी करार करून वार नेमका ०.९१४४ मीटर ठरवला. त्यामुळे इंच नेमका २५.४ मिलिमीटर झाला. या हिशेबाने नऊवारी ८.२२९६ मीटर भरते. अर्थात कापडाला इतके दशांश लावणे हास्यास्पदच, ८.२ पुरे.

मुले खरी फसतात ती क्षेत्रफळात. एका चौरस वारात चौरस इंच किती? बहुतेक उत्तरे ३६ येतील. जमिनीवर खडूने एक चौरस वार आखून घ्यावा आणि एका कडेला इंचाइंचाचे चौकोन काढायला लावावेत. एका ओळीत ३६ बसतात, आणि अशा ओळीही ३६, एकूण १२९६.