मिनारा मशिदीच्या गल्लीत सांदण शोधताना

रमजानचा चांद दिसला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप येतात. पहिले 'रमजान मुबारक'चे. दुसरे ऑफिसातल्या आणि कॉलनीतल्या मैत्रिणींचे. 'मोहम्मद अली रोडला जायचंय, चांगलं कुठे मिळतं ते सांग ना!' मी दरवर्षी चार-पाच दुकानांची तीच यादी सगळ्यांना पाठवून देते. यंदा मात्र हाच प्रश्न घेऊन मला दारोदार फिरावं लागलं.

आम्ही कोकणी मुसलमान. घरात बोलतो ती आमची कोकणी बोली, मराठीच्या अगदी जवळची. गेल्या वर्षी पक्षाघाताने अम्मीचा उजवा हात अधू झाला. डॉक्टरांनी रोजे बंद केले. तरी इफ्तारच्या वेळी ती आमच्यासोबत दस्तरखानावर बसते. दुसऱ्या रोज्याच्या संध्याकाळी खजूर हातात धरून ती हळूच म्हणाली, "सांदण कुणी करून देत असेल तर बघ गं."

चाळीस वर्षं रमजानमध्ये सांदण आमच्या घरातून शेजारीपाजारी जायचं. करायची ती, ताटं पोचवायची मी. ताटांवर रुमाल झाकण्यापलीकडे मी काही शिकले नव्हते.

फणसाच्या रसाचं सांदण कोकणातल्या वाचकांना ठाऊक असेल. आमचं सांदण म्हणजे त्याची पांढरी बहीण. तांदूळ भिजवून रवाळ वाटायचे, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालायची, पीठ आंबू द्यायचं आणि छोट्या वाट्यांतून वाफवायचं. बिनसाखरेचं केलं तर ते मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. इतकी साधी गोष्ट, पण कुठे मिळेल ते मला सांगता येईना.

एक दुकान, एक पदार्थ

सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरून मी चालत निघाले. मोहम्मद अली रोडवरून जे. जे. उड्डाणपूल जातो. २००२मध्ये तो सुरू झाल्यापासून अनेक मुंबईकरांनी हा रस्ता फक्त वरून पाहिलाय. खाली उतरलं की पहिला गोंधळ उडतो तो गर्दीने. प्रत्येक गाडीवर सगळंच मिळतं असं वाटतं. कबाब, रोल, फालुदा, मालपुवा, शिवाय चायनीजसुद्धा.

इथला जुना गिऱ्हाईक मात्र 'हॉटेलात' जात नाही, पदार्थाकडे जातो. नल्ली निहारी खायची तर भेंडीबाजारातलं नूर मोहम्मदी. हे हॉटेल १९२३पासून चालू आहे. निहारी हा शब्द अरबी 'नहार'वरून आला. नहार म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर मांस आणि हाडं शिजवायची आणि पहाटे खायची, हा त्याचा मूळ रिवाज. म्हणूनच रमजानमध्ये सहरीला खाल्लेल्या निहारीची चव काही वेगळीच लागते.

बोहरी मोहल्ल्यातली 'बारा हंडी' हाही रात्रीचाच पदार्थ. मोठ्या ओट्यात हंड्या बसवलेल्या असतात, खाली आच. पाया, नल्ली, पिचोटा (म्हणजे शेपटीचं मांस) असे प्रकार वेगवेगळ्या हंड्यांत शिजत राहतात. वाढणारा तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन-तीन हंड्यांतला रस्सा एकत्र करून देतो. सोबत खमिरी रोटी किंवा लांबी पाव. चमच्याने खाऊ नका, मजा येत नाही.

त्याच मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम आहे, १८८७पासूनचं. लाकडी संचात बर्फ-मीठ घालून हाताने फिरवलेलं, फळांच्या गराचं आइस्क्रीम. सीताफळाचं मिळालं तर दुसऱ्या कशाकडे बघू नका. मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाला आहे, १९३६पासूनचं दुकान. त्यांचं अफलातून बाराही महिने मिळतं; पण रमजानच्या रात्री लोक रांग लावतात ती मालपुवा आणि फिरनीसाठी. फिरनी मातीच्या वाटीतलीच घ्या. माती दुधातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे ती दाट बसते. प्लास्टिकच्या डबीत तीच फिरनी सैल लागते.

बुऱ्हाणपूरची मावा जलेबी खानदेशातल्या वाचकांना नवी नाही. खव्याची, जाडजूड, काळपट. ती जे. जे. हॉस्पिटलच्या बाजूला मिळते. एक खाल्ली की पोट आणि मन दोन्ही भरतात.

आणि घरी न्यायचं असेल तर खजला-फेणी. पांढऱ्या, हलक्या, पापुद्र्यांच्या या वस्तूंचे ढीग रमजानभर दुकानांबाहेर रचलेले असतात. पाहुण्यांना वाटतं, हे काहीतरी तळणीचं नमकीन असावं. आम्ही ते सहरीला दुधात कुस्करून खातो. दिवसभर पोटाला आधार राहतो.

घड्याळ बघून जा

जागा कळली तरी अर्धंच काम होतं. दुसरं अर्धं काम वेळेचं.

रमजानमध्ये इथे तीनदा गर्दी उसळते. पहिली मगरिबच्या अजानच्या तासभर आधी. ही गर्दी बसून खाणाऱ्यांची नसते. दिवसभर उपाशी राहिलेली माणसं फळं, भजी, समोसे पिशवीत भरून घराकडे धावत असतात. दुकानात काम करणारी पोरंही रोज्याने असतात. तळणीसमोर उभी, पण घशाखाली थेंब नाही. अशा वेळी त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून 'हे कसं करतात?' असं विचारत थांबू नका. अजान झाली की ती दोन मिनिटं हात थांबवतात. खजूर, पाणी आणि पुन्हा कढई. तेवढी दोन मिनिटं त्यांना द्या.

दुसरी गर्दी तरावीहची नमाज आटोपल्यावर, साधारण दहाच्या पुढे. कुटुंबं बाहेर पडतात ती तेव्हा. पाहुण्यांनी यायला हीच वेळ उत्तम. कबाब ताजे असतात, दुकानदार पोटभर जेवलेला आणि बोलायला मोकळा असतो. तिसरी गर्दी सहरीच्या आधी. ती निहारी आणि बारा हंडीवाल्यांची.

मी स्वतः एकदा चुकले होते. काही वर्षांपूर्वी मैत्रिणींना घेऊन इफ्तारच्या ऐन वेळी एका दिव्यांनी झगमगणाऱ्या दुकानात शिरले. दिवसभर करून ठेवलेले कबाब पुन्हा गरम करून आमच्या पानात आले. मैत्रिणी काही बोलल्या नाहीत. मीच ओशाळले. तेव्हापासून दिवे किती आहेत ते बघत नाही. तव्यापाशी कोण उभं आहे, माल किती भराभर उठतोय, ते बघते.

विचारायला लाजू नका

माझ्या हिंदू मैत्रिणींना एक संकोच असतो. 'कशाचं आहे ते विचारलं तर वाईट वाटेल का?' अजिबात नाही. इथे 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचं आणि 'बडे का' म्हणजे म्हशी-रेड्याचं. राज्यात २०१५पासून गाईबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. 'छोटे का है क्या?' एवढं विचारा, दुकानदार सरळ उत्तर देतो. आम्हीही विचारतोच. खिरी-गुर्दा हे शब्द कबाबवाल्याकडे ऐकू आले तर खिरी म्हणजे जनावराचं आऊ आणि गुर्दा म्हणजे मूत्रपिंड. आवडणाऱ्याला ते फार आवडतं.

शाकाहारी असाल तर मालपुव्याकडे जरा जपून. इथल्या पिठात अंडं घालतात. बैदा रोटीतला 'बैदा' म्हणजेच अंडं, आणि आत बहुधा खिमा असतो. फिरनी, सरबतं, फळांच्या गराचं आइस्क्रीम हे तुमचं.

हलीम मागितलं आणि कुणी खिचडा दिला तर रागावू नका. डाळी, गहू आणि मांस दोन्हींत असतं. हलीम घोटून घोटून एकजीव करतात, खिचड्यात मांसाचे तुकडे आणि दाणे दाताखाली येतात. हलीमसाठी नाव हैदराबादचं, २०१०मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मुंबईच्या घरांतून मात्र खिचडाच जास्त शिजतो.

पत्ताही विचारूनच शोधावा लागतो. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरचा पुनर्विकास चालू आहे. जुन्या चाळी गेल्या, टॉवर उभे राहिले, कित्येक दुकानं हलली. 'कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या डावीकडे' ही खूण आता चालत नाही, कारण कोपराच राहिलेला नाही. फोनवरचा नकाशा कधी जुन्या जागी नेऊन उभा करतो. अत्तरवाल्याला विचारा. तो उठून दारापर्यंत येतो आणि हात करून दाखवतो.

सांदण की संदल?

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी सांदण सापडेना. मिनारा मशिदीच्या गल्लीत दोघा-तिघांना विचारलं. त्यांनी माना हलवल्या. शेवटी एका फिरनीवाल्याने विचारलं, "सफेद, गोल, ऊपर मलई? वो तो संदल है. सामने देखो."

नावच बदललेलं! आमचं सांदण या गल्लीत येऊन 'संदल' झालं होतं. सहा घेतले. घरी अम्मीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मलई चांगली आहे." तिच्या तोंडून याचा अर्थ काय होतो ते घरातल्या सगळ्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच गल्लीत गेले. या वेळी कुठे मिळतं हे विचारलं नाही, कोण करतं ते विचारलं. तिसऱ्या गाडीवरचा मुलगा म्हणाला, "हमारे पास घर का आता है. डोंगरी में एक आपा बनाती हैं."

डोंगरीतल्या जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दार उघडल्या उघडल्या आंबलेल्या तांदळाचा आणि नारळाचा वास आला आणि मी उंबऱ्यातच थबकले. आपा साठीच्या पुढच्या, माहेर श्रीवर्धनकडचं. माझी बोली ऐकताच त्या हिंदी सोडून आमच्या भाषेत आल्या. ओट्यावर दोन मोदकपात्रं होती. मी बघतच राहिले तशा हसल्या. "यापेक्षा चांगलं भांडं दुसरं नाही. गणपतीच्या दिवसांत बाजारात येतात, तेव्हा घेऊन ठेवते."

पंधराव्या रोज्यानंतर त्या नवी ऑर्डर घेत नाहीत. मनगटं दुखतात. सून बँकेत नोकरीला. "तिला कुठे वेळ? आणि मी तरी कुणाच्या जिवावर करू? अजून एक-दोन रमजान," त्या अगदी सहज म्हणाल्या. दोन डझन सांदणाची ऑर्डर देताना मी अम्मीच्या हाताबद्दल सांगितलं. पिठात पळी फिरवत त्यांनी विचारलं, "बोलता येतं ना त्यांना?"

"येतं."

"मग माझ्याकडून कशाला नेतेस? त्या सांगतील, तू कर."

त्या संध्याकाळी अम्मीने आधी सांदणाचा वास घेतला. मग डाव्या हाताने मोडलं, आतली जाळी बघितली. "पीठ थोडं जास्त आंबलंय," असं म्हणाली आणि दुसरं उचललं. नंतर तिसरं. आपांचा निरोप मी तिला जेवणं आटोपल्यावर सांगितला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माळ्यावर मोदकपात्र आहे. वाट्यांचा डबा त्याच्यामागे असेल."

रविवारी अम्मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. गावाकडे नारळाच्या पाण्यात पीठ आंबवायचे. आम्ही चिमूटभर यीस्ट घातलं. तांदूळ किती वाटायचे ते तिने बोटांनी चोळून ठरवलं. माझी पहिली घाणी चपटी बसली. ती खाऊन बघून तिने एवढंच विचारलं, "झाकणाला फडकं बांधलंस का?" बांधलं नव्हतं. वाफेचं पाणी सगळं आत पडलं होतं. दुसरी घाणी जरा फुगली. इफ्तारच्या आधी ताटावर रुमाल झाकून मी शेजारच्या कुलकर्णी काकूंकडे गेले, लहानपणी जायचे तशीच. काकूंनी रुमाल उचलला आणि विचारलं, "अम्मीला बरं वाटायला लागलं का गं?"

तर मैत्रिणींनो, यादी वर दिली आहे. तरावीहनंतर जा, एका ठिकाणी एकच पदार्थ खा, विचारून खा. सांदणाचं विचाराल तर पुढच्या रविवारी आमच्याकडे या. तिसरी घाणी बरी होईल, असं अम्मी म्हणते.